पोलादी लोकर : मोटारीच्या धातुभागांची सफाई

पोलादी लोकर म्हणजे सौम्य पोलादाच्या अतिशय बारीक तंतूंचा सैल गुंता. लाकूड, काच, दगड यांच्या कामातही ती वापरतात. प्रस्तुत नोंदीत मोटारीचे धातुभाग, त्यातही क्रोमचा मुलामा दिलेले भाग, एवढाच विचार केला आहे. गॅरेजात आणि हार्डवेअरच्या दुकानात ती ‘स्टील वूल’ या नावानेच मागितली जाते. स्वयंपाकघरातील तारेची घासणी बहुधा स्टेनलेस स्टीलच्या चपट्या वेटोळ्यांची असते. तिचा तंतू जाड व कडक असल्याने ती या कामाला चालत नाही.

निर्मिती : कमी कार्बनाची पोलादी तार ताणून धरून एकामागोमाग एक लावलेल्या दातेरी पात्यांवरून ओढतात. प्रत्येक पाते तारेवरून धातू तासून काढते आणि दात्यांच्या बारकाव्यानुसार तंतू बारीक किंवा भरड निघतो. तासून निघाल्यामुळे त्याचा छेद गोल नसून साधारण त्रिकोणी असतो. लोकर घासते ती या छेदाच्या धारदार कडांमुळे. वापरताना तंतू तुटून त्यांचा भुगा होतो आणि ताज्या कडा पुढे येत राहतात. तंतू वाकतो, त्यामुळे हाताचा दाब पसरतो आणि कानशीसारखा एकाच जागी ओरखडा पडत नाही. साठवणीत गंज धरू नये म्हणून तयार लोकरीला हलके तेल लावलेले असते. घासलेल्या भागावर पुढे रंग द्यायचा असल्यास हे तेल थिनरने पुसून काढावे लागते, नाही तर रंग धरत नाही.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार लेथवर धातू कातताना निघणारा बारीक कीस यंत्रशाळांतील कामगार घासायला वापरीत आणि त्या टाकाऊ मालातूनच हा धंदा उभा राहिला. दुसरे मत मुद्दाम तासलेल्या तंतूला स्वतंत्र सुरुवात मानते आणि तिचा संबंध युरोपातील लाकडी फरशा खरवडण्याच्या रिवाजाशी जोडते. फ्रान्स व जर्मनीत फरशीला मेण लावण्याआधी ती लोखंडाच्या तासलेल्या तंतूंनी घासून घेत. संदर्भग्रंथांत १८९६ हे साल वारंवार येते. ते शोधाचे साल न धरता व्यापारी उत्पादन स्थिरावल्याचा अंदाज म्हणून घेणे बरे. एक तांत्रिक मुद्दा येथे निर्णायक वाटतो. लेथच्या किसाची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे त्यातून ठरावीक प्रतीचा माल निघणे कठीण. एकसारखा तंतू हवा तर एकसारखी, स्वस्त आणि भरपूर सौम्य पोलादी तार हवी. अशी तार पोलाद मोठ्या प्रमाणावर बनवण्याची १८५६ ची बेसेमर पद्धत आणि तिच्या पाठोपाठ आलेली खुल्या भट्टीची पद्धत रुळल्यावरच सुलभ झाली. म्हणून किसाचा वापर जुना असला तरी प्रतवारी केलेली पोलादी लोकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांच्या फार मागे नेता येत नाही. दोन मतांत विरोध आहे असेही मग मानावे लागत नाही : किसाने वापर दाखवला, तारेने प्रत दिली.

विसाव्या शतकात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे तिचा खप वाढला. साबणासह विकली जाणारी ‘ब्रिलो’ न्यूयॉर्कमध्ये १९१३ च्या सुमारास पुढे आली आणि सॅन फ्रान्सिस्कोतील भांडीविक्रेते एड कॉक्स यांची साबण भिनवलेली ‘एसओएस’ गादी १९१७ ची.

प्रती : अमेरिकी पद्धतीत ०००० ही सर्वांत बारीक आणि ४ ही सर्वांत भरड प्रत. ०००० च्या तंतूची जाडी साधारण ०.०२५ मिमी., तर ४ क्रमांकाची ०.१ मिमी.च्या आसपास असते. मोटारीच्या चकाकत्या भागांना ०००० सोडून दुसरी प्रत लावू नये. ०० किंवा त्याहून भरड लोकर फक्त न दिसणाऱ्या उघड्या लोखंडासाठी, म्हणजे ब्रॅकेट, बोल्टची डोकी, जॅकचा दांडा अशा वस्तूंसाठी ठेवावी.

क्रोमवरील काम : आरंभीच्या मोटारींचे दिवे व रेडिएटर पितळी असत, पुढे निकेलचा मुलामा आला. क्रोमच्या मुलाम्याची व्यवहार्य पद्धत कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास बसवली आणि अल्पावधीत ती मोटारींवर दिसू लागली. शोभेच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असू शकतो. मुलाम्याची बहुतेक जाडी आणि बरेचसे संरक्षण त्याखालच्या निकेलचे असते. त्याचा थर १० ते ४० मायक्रोमीटर भरतो. क्रोममध्ये सूक्ष्म छिद्रे व भेगा राहतात. तेथे ओल पोचली की विद्युत्‌घटासारखी क्रिया सुरू होऊन क्रोमचा मोठा पृष्ठभाग ऋणाग्र (न झिजणारे टोक) होतो, छिद्राच्या तळचे इवलेसे निकेल धनाग्र (झिजणारे टोक) ठरून झिजते आणि अखेर गंज पोलादाला लागतो. बंपरच्या वाकावर किंवा हेडलाइटच्या कड्यावर दिसणारा तपकिरी डाग हा पुष्कळदा छिद्रातून बाहेर येऊन पसरलेला गंज असतो. त्याखालचे क्रोम शाबूत असते. लोकर हा पसरलेला गंज काढते, छिद्र बुजवत नाही. म्हणूनच सफाईनंतर मेणाचा हात दिला नाही तर पहिल्या पावसात डाग जागच्या जागी परततो. मुंबईतील प्रीमियर पद्मिनी किंवा कोकणपट्टीतील जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या बंपरवर खाऱ्या हवेमुळे हे लवकर दिसते.

०००० लोकरीने क्रोमवर चरे पडतात की नाही, याबाबत जाणकारांत एकमत नाही. कठिनतेचा हिशेब लोकरीच्या बाजूने आहे : कठिनता मोजण्याच्या मोहस मापश्रेणीत क्रोमियम ८.५ च्या जवळपास, तर सौम्य पोलाद ४ च्या आसपास बसते. तरीही चरे पडल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांचा दोष बहुधा सुटलेल्या गंजाच्या व धुळीतील वाळूच्या कणांना द्यावा लागतो. कोरडे घासण्यापेक्षा हलके तेल, रॉकेल किंवा साबणाचे पाणी वापरण्यावर अनुभवी कारागीर भर देतात तो यासाठीच. आधी बंपर धुवायचा, मग मूठभर लोकर तेलात बुडवून बोटांच्या पेरांनी हलकेच फिरवायची, तेल तपकिरी झाले की फडक्याने टिपायचे आणि लोकरीची घडी उलटून स्वच्छ बाजू घ्यायची. हिरवी नायलॉन घासणी व पॉलिश पेपर येथे वर्ज्य. त्यांतील ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड क्रोमहून कठीण असते. पापुद्रे सुटू लागले असतील तर थांबावे. बाकी ठिकाणी मात्र मूळ मुलामा जपण्याचा प्रयत्न अवश्य करावा. नव्याने मुलामा देण्यासाठी जुना उतरवून धातू बफवर (चकाकी आणणाऱ्या कापडी चाकावर) घासावा लागतो, त्यात बोधचिन्हाच्या व अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि त्या परत आणता येत नाहीत.

इतर धातू : उघड्या पोलादावर ०००० लोकर मंद, रेशमी झळाळी देते, आरशासारखी चमक बफिंगशिवाय येत नाही. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्यावर चरे पडतात, शिवाय रुतलेले लोखंडाचे कण पुढे गंजून ठिपके उठवतात. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवरही ठिपक्यांचा हाच दोष दिसतो. तेथे ब्राँझची लोकर वापरणे इष्ट. पितळेला पॉलिशची पेस्ट पुरते. लॅकर (पारदर्शक लेप) दिलेली अलॉय चाके, ॲनोडित (विजेच्या क्रियेने ऑक्साइडचा थर दिलेले) भाग, प्लॅस्टिकवरील क्रोम आणि रंग यांवर लोकर लावूच नये.

धोके : तुटलेले तंतू चुंबकाकडे ओढले जातात. त्यामुळे डायनॅमो, स्टार्टर, उघडे इंजिन किंवा बेअरिंग यांच्याजवळ हे काम टाळावे. बॅटरीच्या टर्मिनलांपाशी तर तंतूमुळे शॉर्टसर्किट होऊन लोकर पेटते. बारीक लोकर पेटवायला ९ व्होल्टची लहान बॅटरीही पुरते. तंतूचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने फार मोठा असल्याने लोखंडाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झपाट्याने होतो. ज्वाळा न दिसता निखारा आत सरकत जातो. रॉकेल लागलेली वापरलेली लोकर म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बॅटरी व वेल्डिंगच्या जागेपासून दूर ठेवतात.