लशीची किंमत नेमकी ठरते कुठे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या खासगी दवाखान्यात बाळाला न्यूमोनियावरची पीसीव्ही लस द्यायची म्हटली तर एका डोसला तीन हजारांच्या वरही जाऊ शकतात, आणि तिकडे सुरगाण्याच्या उपकेंद्रात नर्सताई त्याच आजारावरची लस फुकट टोचतात. मग लोकांना वाटतं फुकटची आहे म्हणजे हलकी असणार. अजिबात नाही.

लशीचा मोठा खर्च बाटलीतल्या औषधाचा नसतोच, तो असतो आधीच्या कित्येक वर्षांच्या संशोधनाचा, हजारो लोकांवरच्या ट्रायलचा आणि फॅक्टरीचा. आपल्या द्राक्षबागेसारखंच आहे बघा, मांडव, रोपं, ड्रिप सगळा पैसा आधी घाला आणि माल नंतर. हा आधीचा पैसा कोणी घातला आणि माल उचलायची हमी कोणी दिली, भाव त्यावर ठरतो.

रोटाव्हायरसचंच घ्या. त्याच्या जुलाबाने आपल्याकडे दरवर्षी हजारो लहान मुलं दगावायची. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या टीमला दिसलं की काही नवजात बाळांच्या पोटात हा व्हायरस आहे पण जुलाब मात्र नाहीत, म्हणजे हा सौम्य प्रकार, आणि त्याच्यापासूनच पुढे रोटाव्हॅक लस तयार झाली. पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा, गेट्स फाउंडेशनचा, आणि भारत बायोटेकचा स्वतःचाही. मोठ्या ट्रायलमध्ये ६,७९९ बाळं होती, त्यातली काही पुणे जिल्ह्यातल्या वढूकडची. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लस बाजारात यायच्या आधीच कंपनीने सरकारसाठी डोसला एक डॉलर हा भाव जाहीर करून टाकला होता. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली.

पीसीव्हीचं असं झालं नाही. अमेरिकेत ती २००० साली मिळायला लागली, आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ ला थोड्या राज्यांत आणि देशभर थेट २०२१ ला. मधली सगळी वर्षं ज्यांच्या खिशात पैसे त्यांच्याच मुलांना ती मिळाली, हे मला फार लागतं. पुण्याच्या सीरमने गेट्स फाउंडेशनच्या मदतीने न्यूमोसिल ही स्वतःची पीसीव्ही बनवली तेव्हा गरीब देशांसाठी डोसचा भाव दोन डॉलरच्या आसपास आला. महागडी लस तेव्हा जंतूच्या १३ प्रकारांवर चालायची, न्यूमोसिल १० प्रकारांवर, पण ते आशिया-आफ्रिकेत जास्त सापडणारे बघून निवडलेत.

खरेदीनंतरही खर्च असतोच. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची नाहीतर टाकून द्यायची. पेठच्या एखाद्या पाड्यावर तीनच मुलं आली तरी नर्सताईंनी बाटली फोडलीच पाहिजे, उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, मूल परत जाता कामा नये.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची सीरमची सर्वाव्हॅक २०२३ ला आली, तिच्यामागेही सरकारी मदत आहे, आणि तेव्हा खासगीत डोस साधारण २,००० रुपयांना होता. जिथे आपल्या टॅक्सचा पैसा लागला तिथे भावाचा करार सुरुवातीलाच झाला पाहिजे आणि तो लोकांना वाचायला मिळाला पाहिजे.

तोपर्यंत एवढं करा, खासगीत पैसे भरण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंकडे विचारा. रोटा ६, १० आणि १४ आठवड्यांना, पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना आणि मग नवव्या महिन्यात, दोन्ही तिथे मोफत आहेत.