विषाणुजन्य वंध्यत्व (गाई-म्हशींमधील)

भरवलेली गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली की गोठ्यात ‘उलटली’ म्हणतात. खापर फुटते ते चाऱ्यावर, नाहीतर कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरणाऱ्यावर. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही वेळा मुळाशी विषाणू असतो, आणि गाय वरून धडधाकट दिसत असते.

आयबीआर (इन्फेक्शियस बोव्हाइन ऱ्हायनोट्रॅकायटिस) हा रोग गोवंशीय हर्पिस विषाणू-१ मुळे होतो. तो नाकावाटे पसरतो, तसाच नैसर्गिक संयोगातूनही. गर्भाशयाला व बीजांडातील, गर्भ टिकवणाऱ्या पीतपिंडाला इजा झाल्याने गर्भ टिकत नाही. गाभण गाय बहुधा पाचव्या ते आठव्या महिन्यात गाभडते. एकदा शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर दडून राहतो आणि प्रवास, वेत, आजारपण अशा ताणात पुन्हा जागा होतो. भिवंडी-कल्याणकडच्या तबेल्यांत गुजरात-हरियाणाच्या ताज्या व्यालेल्या म्हशी ट्रकने येतात, म्हणजे वेत आणि प्रवास असे दोन्ही ताण एकदमच. तबेल्याचा हिशेब मात्र दुधाचा. आटलेली म्हैस विकली जाते, त्यामुळे ती का उलटत होती हे शोधायला सहसा कोणी बसत नाही.

बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया) हा विषाणुरोग अधिक फसवा. नावात हगवण असली तरी खरे नुकसान गर्भाचे होते. दीड ते चार महिन्यांच्या गर्भाला लागण झाली, तर वासराचे शरीर विषाणूला परका मानतच नाही. असे वासरू जन्मभर विषाणू सांडत राहते, आणि रक्तात प्रतिपिंडे नसल्याने निव्वळ प्रतिपिंडांच्या चाचणीत निर्दोष ठरते.

लम्पी या विषाणुजन्य त्वचारोगात गाई गाभडतात, वळू काही काळ निकामी होतात, वीर्यातही विषाणू उतरतो. २०२२ च्या साथीत राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले. म्हशींना हा रोग क्वचितच होतो. झळ बसते ती गाईंना, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या डांगी गुरांनाही.

कृत्रिम रेतनाने वळूकडून लागणारे रोग टळले, हे खरे. पण उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन शुक्राणूंबरोबर विषाणूही जपतो, आणि वीर्यात मिसळलेली प्रतिजैविके जिवाणूंपुरतीच. एका वळूच्या कांड्या शेकडो गावांत जातात, त्यामुळे गोठवण केंद्रातली वळूंची नियमित तपासणी हाच खरा बांध. शेतकऱ्याला कांडीवर वळूचा क्रमांक दिसतो, त्याची तपासणी दिसत नाही.

गर्भप्रत्यारोपणात (एका गाईचा गर्भ दुसरीच्या गर्भाशयात ठेवताना) गर्भ दहा वेळा धुतात. आयबीआरसाठी त्यात ट्रिप्सिन हे विकर वापरतात. गर्भाभोवतीचे कवच अखंड असेल तर ही धुणावळ पुरते. प्रयोगशाळेत फळवलेल्या गर्भांच्या कवचाला मात्र विषाणू घट्ट चिकटतात. शिवाय ते वाढवायला वापरतात तो गोगर्भाचा रक्तद्रवच कधी बीव्हीडीने बाधित निघतो.