हिपॅटायटीस बी–एचआयव्ही सहसंसर्ग (कोकण किनारा)

एकाच व्यक्तीला हिपॅटायटीस बी विषाणूचा जुनाट संसर्ग आणि एचआयव्ही दोन्ही असण्याची स्थिती. जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांत ती आढळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दोन्ही विषाणूंच्या वाटा त्याच: रक्त, लैंगिक संबंध, आईकडून बाळ.

बोलीत हिपॅटायटीस बीला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणाऱ्या काविळीपासून (हिपॅटायटीस ए व ई) तो वेगळा आहे हे या नावातून कळते. पण बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत, म्हणून तपासणीवाचून हा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. काविळीवर डोक्यावर वनस्पतीच्या देठांची माळ ठेवण्याची प्रथा गावोगाव आहे. देठ वाळून माळ सैल होते व खाली सरकते, त्यावरून ‘कावीळ उतरली’ असे मानतात. यकृतातल्या विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. भुईआवळ्याचे मात्र संशोधन झाले. १९८८ साली चेन्नईच्या अभ्यासात आशादायक निष्कर्ष निघाले, परंतु पुढील चाचण्यांत ते टिकले नाहीत.

हिपॅटायटीस बीचा विषाणू कोकण किनाऱ्यावर कधी व कसा आला याविषयी मतभेद आहेत. भारतात त्याचे ‘डी’ व ‘ए’ हे जनुकप्रकार प्रामुख्याने आढळतात. ‘ए१’ हा उपप्रकार पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्रावरील व्यापार आणि गुलामवाहतुकीबरोबर पसरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. चौल, दाभोळ या बंदरांचा जुना समुद्रव्यापार पाहता ते अशक्य नाही. मात्र तो केव्हा पसरला याची कालगणना विषाणूच्या उत्क्रांतीच्या गृहीत धरलेल्या वेगावर अवलंबून असते आणि तो वेग निरनिराळे संशोधक निरनिराळा धरतात. २०१८ साली प्राचीन सांगाड्यांतून मिळालेल्या जनुकांनी हा विषाणू माणसात किमान साडेचार हजार वर्षे असल्याचे दाखवले. त्यामुळे एकाच आगमनापेक्षा अनेक आगमने झाली असावीत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या कोणत्याही समाजाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही.

निरोगी प्रौढाला संसर्ग झाल्यास शंभरातील पाचांहून कमी जणांत तो जुनाट होतो. एचआयव्ही असल्यास हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. यकृतकाठिण्य (सिरॉसिस) लवकर येते, यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, म्हणजे पृष्ठभागीय प्रतिजनाची (एचबीएसएजी) चाचणी नकारार्थी येऊनही विषाणू रक्तात सापडू शकतो; त्याला सुप्त हिपॅटायटीस बी म्हणतात.

हिपॅटायटीस बी हा डीएनए विषाणू असूनही एचआयव्हीप्रमाणेच उलट-प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणे) करतो. म्हणून ही क्रिया रोखणारी टेनोफोविर व लॅमिव्हुडिन ही औषधे दोघांवर चालतात. १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधयोजना) मोफत मिळू लागली. तिच्या सुरुवातीच्या औषधसंचांत हिपॅटायटीस बीवर चालणारे लॅमिव्हुडिन एकटेच होते, त्यामुळे अशा रुग्णांत त्याला प्रतिरोध निर्माण होत असे. सध्याच्या ‘टीएलडी’ गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० व डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असते. रोज एक. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे टेनोफोविर थांबवायचे झाल्यास एंटेकाविर जोडतात. ते एकट्याने कधीच देऊ नये. त्याने एचआयव्हीला लॅमिव्हुडिनविरुद्ध प्रतिरोध येऊ शकतो.

गोळी मध्येच बंद केल्यास हिपॅटायटीस बी उसळून यकृत निकामी होऊ शकते, कारण विषाणूचे वर्तुळाकार डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात टिकून असते. कोकणात हा धोका नित्याचा आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला पंधरा दिवस गावी येतो, खलाशी हंगामभर बोटीवर असतो, आणि घरी कळेल या भीतीने तीस गोळ्यांची बाटली खोलीवरच राहते. निघण्यापूर्वी एआरटी केंद्रावर सांगून गोळ्या जास्त घेणे किंवा गावाजवळच्या केंद्रात नोंद हलवणे शक्य असते. रुग्णाची स्थिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घातले आहे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. एचआयव्हीबाधितांत लशीचा प्रतिसाद कमी असल्याने प्रौढांना दुप्पट मात्रा देण्याची पद्धत आहे. नवजात बाळाला पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यावी लागते. आईला संसर्ग असल्यास बाळाला त्या मात्रेसोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात.