मार्चअखेर माल भरला म्हणून कर वाचत नाही

मार्चचा शेवटचा आठवडा आला की बाजारपेठेत हमखास सल्ला मिळतो: "नफा जास्त दिसतोय? माल भरून ठेवा, आयकर वाचेल." वर्षानुवर्षं चालत आलेला हा गैरसमज.

एक कापडदुकान घ्या. आरंभीचा साठा २ लाख, वर्षाची खरेदी ९ लाख, विक्री १२ लाख, अखेरचा साठा १ लाख. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत (२ + ९ − १) १० लाख आणि ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून ही किंमत वजा करून उरलेली रक्कम, २ लाख. आता ३० मार्चला आणखी ३ लाखांच्या साड्या आणल्या. खरेदी १२ लाखांवर गेली खरी, पण साड्या घडी न मोडता फळीवरच आहेत. अखेरचा साठाही ४ लाख झाला. नफा तोच, २ लाख. वर पैसा अडकला, नाहीतर देणी वाढली. (साठाच कमी दाखवायचा, असं कुणी सुचवलं तर ती सरळ लबाडी आहे.)

नफा खरोखर कमी होतो तो इथे: साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतल्या कमी आकड्याने धरतात. डाग पडलेल्या १,००० रुपयांच्या साडीचे ६०० च येणार असतील, तर ६०० धरा. शिवाय मार्चचं दुकानभाडं, वीजबिल भरायचं राहिलं असलं तरी ३१ मार्चलाच खर्च आणि देणं म्हणून नोंदवा. हे बरेच जण विसरतात.