एका सहा इंची दुर्बिणीचा जीर्णोद्धार

१९८६ च्या फेब्रुवारीत हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळून गेला. तो पाहायला मिळावा म्हणून त्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत काही हौशी मंडळींनी पिंपावर काच ठेवून, त्या पिंपाभोवती फिरत, घरच्या घरी दुर्बिणीचे आरसे घासले होते. अशांपैकी एक आरसा माझ्या हाती आला, तो एका मित्राचे घर पुनर्विकासासाठी रिकामे होत असताना. माळ्यावर पितळी भांडी आणि जुने दिवाळी अंक यांच्या मागे पत्र्याची एक लांब नळी पडली होती. तिचे झाकण हरवले होते आणि तळाशी पालीच्या अंड्यांची टरफले होती. त्यांच्याखाली दीडशे मिलिमीटर व्यासाचा जो आरसा होता, त्यात चेहरा तर सोडाच, समोरच्या खिडकीचा उजेडही धड दिसत नव्हता. दुर्बीण मित्राच्या काकांनी बनवलेली होती. काकांच्या नोकरीत बऱ्याच बदल्या झाल्यामुळे ती नेमकी कुठे बनली, हे घरात कोणाला सांगता येईना.

असा आरसा पाहिला की तो वाया गेला असेच वाटते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. आपल्या घरातल्या आरशात चकाकणारा थर काचेच्या मागे असतो आणि प्रकाश काचेतून आरपार जाऊन परत येतो. दुर्बिणीच्या आरशात तो थर काचेच्या पुढच्या बाजूला, उघड्यावर असतो. प्रकाश काचेत शिरतच नाही. काचेचे काम फक्त त्या थराला योग्य आकारात धरून ठेवण्याचे असते. थर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग असते. सहा इंची आरशावरचे सगळे ॲल्युमिनियम खरवडून तराजूत घातले तर ते पाच मिलिग्रॅमही भरणार नाही. तांदळाचा एक दाणा त्याहून कितीतरी जड असतो. माळ्यावरच्या त्या आरशात खराब झाले होते ते एवढेच.

खराब न झालेली गोष्ट मात्र फार मोलाची होती. या आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे ताऱ्याचे किरण आरशापासून जितक्या अंतरावर एकवटतात ते, १२०० मिलिमीटर आहे, म्हणजे ज्या गोलाचा तो तुकडा आहे त्याची त्रिज्या २४०० मिलिमीटर. एवढ्या उथळ खोलगट काचेची मध्यभागीची खोली जेमतेम १.१७ मिलिमीटर भरते. ती खोली कार्बोरंडम या कठीण द्रव्याची भुकटी आणि पाणी यांच्या साहाय्याने काही तासांत मिळते. खरे कसब त्यानंतर सुरू होते. ताऱ्याकडून येणारे समांतर किरण एकाच बिंदूत आणायचे तर आरसा गोलीय असून चालत नाही, तो अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचा असावा लागतो. आणि या आरशाच्या बाबतीत, दोन्ही आकार मध्यभागी एकमेकांवर टेकवले तर कडेला त्यांच्यात २८६ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा, फरक पडतो. शिवाय परावर्तनात पृष्ठभागावरची चूक दुप्पट होते, त्यामुळे प्रतिमा चांगली हवी असेल तर पृष्ठभाग सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंत अचूक असावा लागतो. काकांनी हे डांबरासारख्या पिचच्या चकतीवर आणि पॉलिशच्या भुकटीवर, हातांच्या जोरावर साधले होते, आणि माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी व पावसाळ्यांनी त्यात काडीचाही बदल केला नव्हता.

आकार आणि चकाकी यांची ही फारकत आपल्याला आज गृहीत वाटते, पण ती साधायला दोनशे वर्षे लागली. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा तिचा दीड इंचाहूनही लहान आरसा ओतीव धातूचा होता. स्पेक्युलम नावाच्या त्या मिश्रधातूत ढोबळमानाने दोन भाग तांबे आणि एक भाग कथील असे. आपल्या काशाच्या वाटीचेच हे भावंड म्हणता येईल, फक्त कथील जास्त, त्यामुळे रंगाने पांढरे आणि स्वभावाने ठिसूळ. तो नवा असतानाही प्रकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग गिळून टाकी आणि दमट हवेत लवकर काळवंडे. काळवंडला की पुन्हा घासायचा, आणि घासला की आकारही नव्याने द्यायचा. विल्यम हर्शेलच्या १७८९ च्या ४८ इंची दुर्बिणीसाठी म्हणूनच दोन आरसे ओतलेले होते.

या त्रासाची सर्वांत खेदजनक कहाणी मेलबर्नची आहे. आयर्लंडमध्ये थॉमस ग्रब यांनी बनवलेली ४८ इंची दुर्बीण १८६९ मध्ये तिथे कामाला लागली. समुद्रप्रवासात हवा लागू नये म्हणून तिच्या स्पेक्युलम आरशांवर लाखेचे रोगण चढवले होते. ते काढल्यावर आरशाची झळाळी पूर्वीची राहिली नाही, आणि पुढे पुन्हा पॉलिश करण्याची वेळ आली तेव्हा ते काम स्थानिक खगोलज्ञांवरच पडले. २००३ च्या वणव्यात ऑस्ट्रेलियातल्याच माउंट स्ट्रॉमलो येथे, जिथे ती पुढे हलवली होती, दुर्बिणीचे नंतर बसवलेले भाग जळून गेले, पण ग्रब यांच्या काळचे जड लोखंडी अवयव टिकले, आणि २००८ पासून मेलबर्नचे संग्रहालय व तिथले हौशी खगोलप्रेमी ती पुन्हा उभी करण्याच्या कामाला लागले. पृष्ठभागाची शुद्ध हेतूने केलेली सफाईही किती महागात पडते, हे मी या दुर्बिणीवरून शिकलो.

काचेने हा पेच सोडवला. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने काचेवर चांदीचा पातळ थर बसवता येऊ लागला आणि १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल व फ्रान्समध्ये फूको यांनी तसे आरसे दुर्बिणीत वापरले. चांदी काळी पडली की धुऊन टाकायची आणि नवी चढवायची. काचेच्या आकाराला धक्का नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या वेधशाळेत अशीच वीस इंची दुर्बीण होती. ती अनेक दशके भारतातली सर्वांत मोठी होती आणि नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती कोडईकनालला गेली. चांदीची जागा पुढे ॲल्युमिनियमने घेतली. जॉन स्ट्राँग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती आरशावर बसवण्याचे तंत्र रुळवले आणि १९३५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेचा शंभर इंची आरसाही याच पद्धतीने लेपला गेला. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा थोडे कमी, सुमारे ८८ ते ९० टक्के प्रकाश परत पाठवते, पण त्याच्यावर आपोआप जमणारा ऑक्साइडचा पापुद्रा त्याचे रक्षण करतो, त्यामुळे ते कित्येक वर्षे टिकते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मी पहिला आठवडा स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता नुसती छायाचित्रे काढण्यात आणि पेन्सिलने खुणा करण्यात घालवला, आणि तो आठवडा सत्कारणी लागला असे मला आजही वाटते. आरसा बाहेर काढल्यावर त्याच्या पाठीवर हिऱ्याच्या लेखणीने कोरलेले नाभीय अंतर आणि १९८५ हे वर्ष दिसले. मग धुणे. मोठ्या ताटात कोमट पाणी घेऊन त्यात आरसा अर्धा तास बुडवून ठेवला, म्हणजे सुटी धूळ आपण होऊन निघते. त्यानंतर भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब घालून कापसाचा ओला बोळा केवळ स्वतःच्या वजनाने सरकेल इतक्या हलक्या हाताने फिरवला, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने निथळून आरसा कडेवर उभा केला. पूजेची भांडी रांगोळीने घासण्याची आपल्याकडची सवय इथे घातक ठरते, कारण रांगोळी आणि साधी धूळ या दोन्हींत काचेवर चरे पाडणारे गारेचे कण असतात.

धुतल्यावर माती गेली, पण पांढुरके चट्टे आणि बुरशीचे जाळे तसेच राहिले. नवा थर द्यावा लागणार हे स्पष्ट होते. मात्र त्याआधी आकार तपासणे गरजेचे होते, कारण वाईट आकारावर चांगला थर चढवण्यात पैसे वाया जातात. यासाठी फूको यांनीच शोधलेली चाचणी आजही पुरते, आणि ती मला संपूर्ण दुर्बीणशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. आरशापासून २४०० मिलिमीटरवर एक बारीक प्रकाशबिंदू ठेवायचा. त्याची प्रतिमा त्याच्या शेजारीच परत येते. ती जिथे एकवटते तिथे दाढीच्या पात्याची धार हळूच आडवी सरकवायची आणि धारेमागे डोळा ठेवायचा. आरसा गोलीय असेल तर तो एकदम सगळीकडून सारखा काळवंडतो. अन्वस्त असेल तर त्याच्यावर उजेड-सावलीची अशी नक्षी उमटते की सपाट दिसणारी काच मेदूवड्यासारखी फुगीर भासू लागते. दिवा आणि पाते एकत्र सरकवले तर या आरशाचा मध्यभाग आणि कड यांच्याकडून येणारा प्रकाश जिथे एकवटतो त्या दोन जागांत १.१७ मिलिमीटरचे अंतर मिळायला हवे. नॅनोमीटरमधली गोष्ट अशी मिलिमीटरमध्ये, लाकडी फळीवर ठोकलेल्या पट्टीने मोजता येते. आरशाजवळ हात नेला तर तळहाताची ऊबही धुरासारखी वर जाताना दिसते.

काकांच्या आरशाचे माप मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या फरकाने जुळले. दोष एकच निघाला: अगदी कडेचा दोन मिलिमीटरचा पट्टा किंचित खाली उतरलेला होता, नवशिक्यांच्या आरशात हमखास आढळतो तसा. पुन्हा पिचवर घासून तो सुधारता आला असता. मी तसे केले नाही. काळ्या कागदाची कडी लावून तो पट्टा झाकला की व्यास १४६ मिलिमीटर उरतो आणि प्रकाश फक्त पाच टक्क्यांनी घटतो, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका; उलट घासण्यात चूक झाली असती तर १९८५ सालचे सगळे काम पुसले गेले असते.

जुना थर काढण्यासाठी इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांवरचे तांबे काढायला वापरतात तेच फेरिक क्लोराइड वापरले. ते ॲल्युमिनियम खाते आणि काचेला धक्का लावत नाही, पण कपड्यांवर आणि फरशीवर न जाणारे तपकिरी डाग पाडते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी गॅलरी या तिन्ही गोष्टी हव्यातच. नवा थर घरी देता येत नाही. निर्वात पात्र असलेल्या एका कार्यशाळेत तो दिला गेला: आरसा पालथा टांगून हवा काढून घेतात, टंगस्टनच्या तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियमचे तुकडे वितळून त्यांची वाफ होते, आणि हवेचे रेणू आडवे येत नसल्याने ती वाफ सरळ जाऊन काचेवर बसते. हे सगळे काही सेकंदांत आटोपते. आरसा परत हातात आला तेव्हा त्यात माझ्या नाकावरचे छिद्रन् छिद्र दिसत होते.

उरलेल्या कामापैकी दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. आरसा ज्या बैठकीत बसतो तिच्या तीन चिमट्या कोणीतरी, बहुधा आरसा पडू नये या काळजीने, घट्ट पिळल्या होत्या. काच वाकत नाही हा आपला समज नॅनोमीटरच्या हिशेबात खोटा ठरतो. तीन जागी दाबलेल्या आरशात तारा त्रिकोणी दिसतो. चिमटी आणि काच यांच्यामध्ये कागद सहज सरकेल एवढी फट ठेवली.

दुसरी गोष्ट अख्खी दुर्बीण ज्यावर उभी राहते त्या बैठकीची. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तारा नजरेत ठेवायचा तर दुर्बिणीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो, आणि त्याचा जमिनीशी होणारा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा असतो. काकांनी हा कोन लोखंडी पट्ट्या जोडून कायमचा पक्का केला होता. मोबाइलच्या कोनमापकाने तो सव्वाएकवीस अंशांच्या जवळ भरला. मुंबईचा अक्षांश १९, पुण्याचा साडेअठरा. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांपैकी सव्वाएकवीस अंशांच्या सर्वांत जवळ नागपूर आहे. मित्राच्या आईला विचारले, तेव्हा १९८४ ते १९८७ या काळात काका नागपुरात होते हे त्यांना आठवले. पट्ट्या कापण्याचा मोह आवरून मी तीस सेंटिमीटरच्या त्या चौथऱ्याच्या दक्षिण बाजूखाली चौदा मिलिमीटरची लाकडी पट्टी सरकवली, आणि नागपूरची दुर्बीण पुण्याच्या आकाशाला जुळली.

पहिल्या निरभ्र रात्री ती पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याकडे वळवली. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा म्हणजे पाच-सहा विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावरची जोडी आहे. आधी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, मागेपुढे करून ताऱ्याभोवतीची कडी नाभीच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसतात का ते पाहिले. बाहेरच्या बाजूला ती थोडी अंधूक होती, पण गोल होती, त्रिकोणी नव्हती. दीडशेपट वर्धनात कॅस्टरचे दोन तारे मध्ये काळी फट ठेवून वेगळे उभे राहिले.

पावसाळ्यात नळीची दोन्ही तोंडे आता झाकलेली असतात आणि आत सिलिका जेलची पुरचुंडी असते. जुलैच्या मध्याला दाण्यांचा रंग बदलला की ते एका जुन्या पत्र्यावर भाजून परत आत टाकतो. तो पत्रा स्वयंपाकघरात जाणार नाही, अशी सक्त ताकीद घरातून मिळालेली आहे.