आयव्हीएफला पन्नाशीची मर्यादा का आली

सप्टेंबर २०१९मध्ये आंध्रातल्या गुंटूरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना जुळ्या मुली झाल्या. पाळी जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. हे घडलं आयव्हीएफमुळे, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराने. स्त्रीबीज अर्थातच दुसऱ्या स्त्रीचं होतं, आणि वयोमर्यादेचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

आयव्हीएफ मुळात वयावरचा उपाय नव्हता. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांना यश आलं, पण सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात आयव्हीएफचं मूल जन्मलं. त्यामागच्या डॉ. टी. सी. आनंदकुमारांनीच नंतर मुखोपाध्यायांचे कागद तपासून भारतातल्या पहिलेपणाचा मान त्यांना दिला. असा मोठेपणा विरळाच.

पण वयाचं कोडं तसंच होतं. मुलगी जन्मते तीच आपली सगळी स्त्रीबीजं घेऊन. आईच्या पोटात असतानाच बीजाचं विभाजन सुरू होऊन थांबतं, ते बीज सुटायच्या वेळी पुढे सरकतं. चाळिशीतलं बीज म्हणजे चाळीस वर्षं ताटकळलेलं बीज. त्यात गुणसूत्रांच्या चुका वाढतात. डाउन सिंड्रोमची शक्यता पंचविशीत साधारण १,२५०त एक असते, चाळिशीत १००त एक. आयव्हीएफने हे बीज तरुण होत नाही.

१९८०च्या दशकात दात्या स्त्रीच्या बीजातून मुलं जन्मू लागली. १९९०मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की, चाळिशी उलटलेल्या, बीजं संपलेल्या स्त्रियांचं गर्भाशयही हार्मोन्स दिल्यावर असा गर्भ स्वीकारतं. तिथून रजोनिवृत्तीची भिंत कोसळली. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयावरचा ताण मात्र वयाप्रमाणेच राहिला. हे जोडप्याला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

भारतात २०२१च्या कायद्याने उपचारासाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची मर्यादा घातली. बीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी. तिने आयुष्यात एकदाच द्यायचं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. तिलाही दहा-बारा दिवस इंजेक्शनं टोचून घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजं काढतात. बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.