नित्यनेम (ईशस्तवनाचा)

ईश्वराचे स्तवन मनात येईल तेव्हा न करता रोज ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पाठाने करण्याच्या व्रतवजा सवयीला मराठीत नित्यनेम किंवा नुसते 'नेम' म्हणतात. नवसाला काही कारण असते आणि तो फेडला की बोलणे संपते. नेमाला असे कारण नसते, आणि म्हणूनच तो सुखाच्या दिवशीही चालवावा लागतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भक्तांचे वर्णन 'सततं कीर्तयन्तः' असे आले आहे, तर भागवताने सांगितलेल्या नवविधा भक्तीत श्रवणानंतर लगेच कीर्तन आणि स्मरण येतात.

महाराष्ट्रात या सवयीला सर्वांत दृढ रूप वारकरी संप्रदायाने दिले. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने आषाढी-कार्तिकीची वारी आणि एकादशी यांबरोबर रोजचा हरिपाठ चुकवू नये, अशी अपेक्षा असते. ज्ञानदेवांच्या नावे असलेल्या हरिपाठात २७ अभंग (काही प्रतींत २८) असून ते पाठ असणाऱ्याला अर्ध्या तासाच्या आत म्हणून होतात. हा आटोपशीरपणा महत्त्वाचा आहे, कारण दिवसभर राबणाऱ्या माणसाला पेलेल एवढाच तो पाठ आहे. रामदासी परंपरेतील मनाच्या २०५ श्लोकांचे पठणही असेच रोजचे असते. घरोघरी दिवेलागणीला 'शुभं करोति' आणि रामरक्षा म्हणण्याची व मुलांकडून परवचा म्हणून घेण्याची रीत होती. स्तोत्रांना लागूनच पाढे येत असल्याने देवाची स्तुती आणि अभ्यास एकाच बैठकीत उरकत.

मुंबईत या नेमाला घड्याळाशी जुळवून घ्यावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेले कामगार परळ-लालबागच्या चाळींत दाटीवाटीने राहू लागले. एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्यांना स्वतंत्र देवघर कोठून मिळणार? भिंतीवरच्या फळीवर तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती आणि गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी म्हटलेले दोन अभंग, एवढ्यावर नेम टिकला. चाळीच्या व्हरांड्यात किंवा तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत भजनी मंडळी जमू लागली. 'जय जय राम कृष्ण हरी' या गजराने आरंभ, मग रूपाचे अभंग, गौळण, भैरवी आणि शेवटी पसायदान असा सर्वसाधारण क्रम असे. एकट्याचा नेम मोडणे सोपे असते. टाळ धरायला रोज आपली वाट पाहणारी चार माणसे असली की तो सहसा मोडत नाही.

याचेच आजचे ठळक रूप म्हणजे लोकल गाडीतील भजन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. पुढे विरार, बदलापूर, कर्जत, कसाऱ्यापर्यंत वस्ती पसरली तसा चाकरमान्यांचा रोजचा प्रवास लांबला, आणि घरी जी वेळ उरली नाही ती डब्यात सापडली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेली जागा यांमुळे नेमाला लागणारी सगळी शिस्त वेळापत्रकच पुरवते. टाळ आणि चिपळ्या पिशवीतून येतात, मृदंग किंवा ढोलकी नसेल तेथे डब्याच्या पत्र्यावरही ठेका धरला जातो. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो झेलायचा आणि आपले स्थानक आले की गजर अर्धा सोडून उतरायचे. मंडळातील अनेकजण एकमेकांना 'माऊली' किंवा 'बुवा' म्हणूनच ओळखतात. दसऱ्याच्या सुमारास हाच डबा झेंडूच्या तोरणांनी सजवून त्याची पूजा होते. आवाजाबद्दल इतर प्रवाशांच्या तक्रारीही होतात आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत: रात्रपाळी करून परतणाऱ्याची झोप मोडून केलेले स्तवन संतांच्या शिकवणीशी जुळत नाही. मनातल्या मनात म्हटलेले नामही नेमात धरले जाते, हे येथे लक्षात घ्यावे.

मुंबईतील मराठी भाषकांत ही सवय एका धर्मापुरती नाही. १८६७ मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने आपल्या उपासनेत तुकारामांच्या अभंगांना स्थान दिले. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सायंप्रार्थनेच्या वेळी स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे वाचली जातात व मराठी गीते गायिली जातात. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू मंडळी, सकाळ-संध्याकाळची 'शेमा' ही प्रार्थना हिब्रूत म्हणत, आणि मराठी कीर्तनाचा घाटही त्यांनी आपल्या कथांसाठी आपलासा केला.

खंड पडल्यास काय करावे, याचा विचार परंपरेने बारकाईने केला आहे. सुतकात देवपूजा थांबते, पण नामाला सोवळे-ओवळे नाही अशी वारकऱ्यांची धारणा असल्याने घरात दुःख असतानाही नामस्मरण थांबवले जात नाही. आजारपणात पाठ म्हणता येत नसेल तर दुसऱ्याने म्हणावा आणि आजाऱ्याने ऐकावा, कारण श्रवण हीसुद्धा भक्तीच आहे. रुग्णालयातील खाटेपाशी बसून आईला हळू आवाजात हरिपाठ ऐकवणारा मुलगा तिचाच नेम चालवीत असतो.